शास्त्रवाचन वारंवार खंडित होत असेल तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दर वर्षी आपण पहिल्या दिवसापासून संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून काढण्याचा निश्चय करता. उत्पत्ती आणि निर्गमाचा पूर्वार्ध आवडीने वाचून होतो, पण लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या अध्यायांत वाचन थांबते. मध्ये दिवस चुकतात, ते भरून काढण्याची धडपड होते, आणि तीही तडीस जात नाही. जे वाचले जाते त्यातूनही मनाला काही लाभत नाही असे वाटते, आणि मग आपला विश्वासच कोमट झाला आहे काय, अशी शंका आपल्याला छळते. चिकाटी कोठून आणावी आणि आता पुन्हा उत्पत्तीपासून आरंभ करावा काय, असे आपण विचारले आहे.

मंडळीत शास्त्राभ्यासाचा वर्ग चालवताना हा प्रश्न मी फार जणांच्या तोंडून ऐकला आहे, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेक जण आळशी नव्हते. ते नोकरी सांभाळत होते, घरच्या आजाऱ्यांची शुश्रूषा करत होते, मंडळीच्या कामाला वेळ देत होते. त्यांचे वाचन खुंटण्याचे कारण मला निराळेच दिसले. आज वाचलेल्या भागाने आजच मला काही दिले पाहिजे, मग ते सांत्वन असो, आज्ञा असो किंवा दिवसभर जवळ बाळगण्यासारखे एखादे वचन असो, अशी अपेक्षा मनात घर करून बसलेली असते. अब्राहाम आणि योसेफ यांच्या कथा ही अपेक्षा काही अंशी पुरी करतात. लेवीय ती मुळीच पुरी करत नाही, आणि मग वाचणाऱ्याला वाटते की दोष आपल्यात आहे. ही अपेक्षा सैल केली की चिकाटीचा निम्मा प्रश्न सुटतो, असे माझे मत आहे.

लेवीयपासूनच सुरुवात करू, कारण आपण तेथेच थांबला आहात. निर्गमाचा शेवटचा अध्याय उघडा. निवासमंडप, म्हणजे देवाच्या वस्तीचा तंबू, उभा राहिला आहे, मेघाने हा दर्शनमंडप झाकला आहे, परमेश्वराच्या तेजाने तो भरून गेला आहे, आणि मोशेला आत जाता येत नाही (निर्गम 40:35). ज्याच्याशी परमेश्वर समोरासमोर बोलत असे तोच मनुष्य दाराबाहेर उभा आहे. लेवीयच्या पहिल्याच वचनात परमेश्वर मोशेला दर्शनमंडपातून हाक मारतो, म्हणजे मोशे अजून बाहेरच आहे. आता लेवीय ओलांडून त्यापुढच्या गणना या पुस्तकाचे पहिले वचन पाहा: तेथे परमेश्वर मोशेशी दर्शनमंडपात बोलत आहे. निवासमंडप दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी उभारला गेला आणि गणनाचा आरंभ त्याच वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी होतो. मधल्या एका महिन्याच्या जागेत लेवीयचे 27 अध्याय आहेत. पवित्र देव पापी लोकांच्या मध्ये वस्तीला आला आहे, आता ते त्याच्याजवळ कसे जाणार आणि जिवंत कसे राहणार, या एका प्रश्नाचे उत्तर हे पुस्तक देत आहे. हा प्रश्न हाती धरून अर्पणांचे नियम वाचले, तर ते दूरच्या काळातील विधींची यादी म्हणून उरत नाहीत.

त्या नियमांतही थोडे थांबावे अशा जागा आहेत. पहिल्या अध्यायात होमार्पणासाठी, म्हणजे वेदीवर संपूर्ण जाळायच्या अर्पणासाठी, आधी गुरे, मग मेंढरे व शेरडे, मग पक्षी सांगितले आहेत. ज्याची जशी ऐपत तसे त्याने आणावे. पाचव्या अध्यायात ज्याला दोन होले किंवा पारव्याची दोन पिलेही परवडत नाहीत, त्याने पापार्पण म्हणून थोडे सपीठ आणले तरी ते स्वीकारले जाते. गरिबीमुळे कोणी देवाच्या समक्षतेबाहेर राहू नये, याची काळजी येथे इतक्या बारकाईने घेतलेली आहे. बाराव्या अध्यायाच्या शेवटी प्रसूत झालेल्या स्त्रीला कोकरू आणणे शक्य नसेल तर दोन पक्षी पुरेसे आहेत असे म्हटले आहे. आमच्या वर्गात हा अध्याय वाचला जात असताना एक वयस्क बाई, ज्या एरवी फारशा बोलत नसत, एकदम थांबल्या आणि त्यांनी लूकचा दुसरा अध्याय काढायला सांगितला. येशूला मंदिरात आणले तेव्हा मरीया आणि योसेफ यांनी नेमके हेच, गरिबांना सांगितलेले अर्पण दिले होते (लूक 2:24). वर्षानुवर्षे नाताळच्या उपासनेत ऐकलेले ते वाक्य त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला नव्याने ऐकू आले. लेवीय वाचल्याशिवाय लूकमधील ती ओळ आपल्याशी बोलत नाही. त्याचप्रमाणे ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा मुळात लेवीयच्या 19 व्या अध्यायातील आहे. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडण्याचा नियमही त्याच अध्यायात आहे, आणि त्या नियमाच्या आधारावरच रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाऊ शकली.

आता चुकलेल्या दिवसांविषयी. प्रॉटेस्टंट परंपरेच्या पवित्र शास्त्रात 66 पुस्तके आणि 1189 अध्याय आहेत. ते एका वर्षात संपवायचे तर रोज तीन अध्यायांहून थोडे अधिक वाचावे लागतात, आणि एक आठवडा आजारपणात गेला की वीसपेक्षा अधिक अध्यायांची थकबाकी होते. ती भरण्यासाठी आपण घाईने वाचतो, घाईत काही उमगत नाही, आणि काही उमगत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुस्तक हाती घ्यावेसे वाटत नाही. ही थकबाकी भरूच नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तारखेप्रमाणे नेमलेला भाग चुकला तर तो सोडून आजच्या भागावर यावे, किंवा तारखा पूर्णपणे काढून टाकून खूण ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी तेथून पुढे वाचावे. वर्षभराच्या वाचनाचा जो आराखडा आजही अनेक देशांत वापरला जातो, तो स्कॉटलंडमधील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी 1842 साली आपल्या मंडळीसाठी तयार केला. त्यात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. परंतु आराखडा देतानाच त्यांनी त्यातील धोकेही सांगितले होते: वाचन केवळ उपचार होऊन बसेल, वाचणाऱ्याला आपल्या धार्मिकतेचा अभिमान वाटू लागेल, निष्काळजीपणे वाचले जाईल, आणि काहींना ते न पेलणारे जू वाटेल. आराखडा रचणाऱ्यानेच ज्याला जू म्हटले, ते वाहता आले नाही म्हणून आपण स्वतःला दोषी ठरवण्याचे कारण नाही. सलग किती दिवस वाचले याची मोजणी दाखवणारी मोबाइल ॲप आहेत. ती कोणाला उपयोगी पडत असतील तर माझा आक्षेप नाही, परंतु ज्याचे मन आधीच अपराधी आहे त्याने ती मोजणी बंद करून ठेवावी.

मनाला काही जाणवत नाही, हा आपल्या प्रश्नाचा सर्वांत जड भाग आहे, आणि त्यावर मला अधिक वेळ थांबायचे आहे. यिर्मयाच्या 15 व्या अध्यायात संदेष्टा म्हणतो की तुझी वचने मला मिळाली, ती मी खाल्ली आणि ती माझ्या जिवाला आनंद देणारी झाली. हे 16 वे वचन अनेकांना पाठ असते. त्यानंतर अवघ्या दोन वचनांवर तोच यिर्मया त्याच देवाला विचारतो की ज्याचे पाणी आटते अशा फसव्या ओढ्यासारखा तू माझ्याशी वागणार काय. वचनात आनंद मानणारा आणि देवाने फसवले असे म्हणणारा हा एकच मनुष्य आहे, आणि तो एकाच प्रार्थनेत दोन्ही बोलतो. म्हणून आतून कोरडे वाटणे हा विश्वास नसल्याचा पुरावा आहे असे मी मानत नाही. ज्याचा विश्वास उरलेला नाही तो सहसा अशी तक्रार देवापुढे घेऊन जात नाही. तो पुस्तक मिटतो आणि विसरून जातो. आपण तर प्रश्न विचारला आहे.

शिवाय वाचनाचा परिणाम वाचतानाच जाणवला पाहिजे असाही नियम नाही. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य पुनरुत्थित प्रभूबरोबर चालत होते आणि मोशे व सर्व संदेष्टे यांच्यापासून आरंभ करून तो त्यांना शास्त्रलेखांचा अर्थ सांगत होता. याहून श्रेष्ठ शास्त्राभ्यासाचा वर्ग कोणाला लाभला असेल? तरीही वाटेवर त्यांनी त्याला ओळखले नाही. भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले, आणि तो अदृश्य झाल्यावर ते एकमेकांना म्हणाले की वाटेने तो बोलत होता तेव्हा आपले अंतःकरण आतल्या आत पेटले नव्हते काय. पेटलेले अंतःकरणही त्यांच्या ध्यानात मागाहून आले.

कोरडेपणाचे आणखी एक कारण साधे असते आणि भाविक लोक ते मान्य करायला संकोचतात. ते कारण म्हणजे थकवा. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दोनदा स्पर्श करून उठवले, भाकर आणि पाणी दिले, आणि वाट दूरची आहे म्हणून खाऊन घे असे सांगितले (1 राजे 19). होरेब डोंगरावरील देवाची ती मंद वाणी त्यानंतर आली. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्याने पहाटे चारला उठून शास्त्र वाचलेच पाहिजे, असा आग्रह मी कोणाला करत नाही. दिवसातील ज्या वेळी आपले लक्ष सर्वांत ताजे असते ती पंधरा मिनिटे शोधावीत. पहाटेच्या प्रार्थनेची परंपरा मोठी आहे आणि ज्यांना ती साधते त्यांनी ती जपावी, पण तिच्यापायी झोपेत वाचलेले अध्याय कोणाच्याच उपयोगाचे नाहीत. कोरडेपणा फार दिवस टिकला, झोप आणि भूक उडाली, कशातच मन लागेनासे झाले, तर पाळकांशी बोलावे आणि डॉक्टरांनाही दाखवावे. यात अविश्वास मुळीच नाही.

आता कसे वाचावे याकडे येतो. संपूर्ण शास्त्र वाचण्याचा आपला निश्चय चांगला आहे, तो सोडू नका. पण त्याच्या जोडीला एक लहानसा उतारा आठवडाभर धरून ठेवण्याची सवय लावून घ्या. जर्मनीत नाझी राजवटीला विरोध करणारे पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी फिंकनवाल्ड येथे 1935 पासून जे पाळक-प्रशिक्षण चालवले, त्यात विद्यार्थी रोज सकाळी अर्धा तास मौन राहून मनन करत आणि तोच एक उतारा आठवडाभर ठेवत. सुरुवातीला अनेकांना ते जड गेले. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती संस्था बंद केली. पुढे तुरुंगात असताना बॉनहोफर स्तोत्रे रोज वाचत राहिले.

स्तोत्र 13 घेऊ. त्यात केवळ सहा वचने आहेत. पहिल्या दिवशी ते मोठ्याने वाचा आणि पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो एवढेच पाहा. दुसऱ्या दिवशी ते चार प्रश्न कोणाविषयी आहेत ते पाहा: देव विसरला आहे आणि मुख लपवत आहे, स्वतःच्या जिवात चिंता व दुःख आहे, आणि शत्रू वरचढ झाला आहे. म्हणजे देवाशी, स्वतःशी आणि माणसांशी असलेले तिन्ही संबंध बिघडलेले आहेत, आणि स्तोत्रकर्ता यांपैकी एकही दडवत नाही. तिसऱ्या दिवशी मागणीवर या: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे प्रकाशित कर, नाहीतर मी मरणाच्या झोपेत जाईन. चौथ्या दिवशी पाचव्या वचनावर थांबा, जेथे तो तुझ्या दयेवर माझा भरवसा आहे असे म्हणतो, आणि हे शोधा की चौथ्या व पाचव्या वचनांच्या मध्ये परिस्थितीत काय बदलले. स्तोत्रात तसे काहीच सांगितलेले नाही. शत्रू गेल्याची वार्ता नाही, आजार बरा झाल्याचा उल्लेख नाही. पाचव्या दिवशी स्वतःच्या प्रार्थनेकडे पाहा: आपण तक्रारीची पहिली दोन वचने गाळून थेट पाचव्या वचनावर उडी मारतो काय, किंवा दुसऱ्या वचनातच अडकून राहतो काय? उरलेले दोन दिवस ते स्तोत्र आपल्या ओळखीच्या दुःखी माणसासाठी प्रार्थना म्हणून म्हणा. आठवड्याच्या शेवटी ते बहुतेक पाठ झालेले असते, आणि पाठ झालेले वचन इस्पितळाच्या बाकावर पुस्तक नसतानाही सोबत येते. पुढच्या आठवड्यात स्तोत्र 88 घेतलेत तर तेथे असे वळण सापडणार नाही. ते अंधारातच संपते. ते स्तोत्रही देवाच्या लोकांच्या प्रार्थनांत समाविष्ट आहे, ही गोष्ट मला अनेकदा धीर देऊन गेली आहे.

सुट्या वचनांच्या वापराबद्दल एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण चिकाटी तुटण्याशी तिचा जवळचा संबंध आहे. यिर्मया 29:11 भिंतींवर आणि शुभेच्छापत्रांवर आढळते: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. ते खरे आहे. पण हे वाक्य बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातले आहे. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळे परत येईल असे जाहीर केले होते आणि यिर्मयाने त्याला खोटे ठरवले. पत्रात तो लिहितो की घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. आणि 10 व्या वचनात 70 वर्षांची मुदत सांगितली आहे. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. ज्याने हे वचन संदर्भातून काढून येत्या परीक्षेच्या निकालावर लावले, त्याचा निकाल मनासारखा लागला नाही की वचनावरचाच भरवसा डळमळतो. ज्याने ते 70 वर्षांसकट वाचले, त्याच्या हाती लांबच्या प्रतीक्षेत टिकणारे अभिवचन येते. प्रत्येक वचनाच्या मागचा आणि पुढचा एक अध्याय वाचल्याशिवाय ते स्वतःला लावू नये, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ निराशा टळते.

या सगळ्यासाठी एकट्यानेच झगडण्याची गरज नाही. घरोघरी छापील पवित्र शास्त्र असणे ही मुद्रणानंतरची, म्हणजे 15 व्या शतकाच्या मध्यानंतर हळूहळू शक्य झालेली गोष्ट आहे. त्यापूर्वीच्या बहुतेक विश्वासणाऱ्यांनी वचन कानांनी ऐकले. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत उभा राहून नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोकांना अर्थ समजावून देतात. प्रकटीकरणाच्या आरंभी वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. रथात बसून यशया वाचणाऱ्या कूश देशाच्या षंढ अधिकाऱ्याला फिलिप्पाने समजते काय असे विचारले, तेव्हा कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे त्याने मोकळेपणाने म्हटले. म्हणून ज्यांना वाचणे जमत नाही त्यांनी ध्वनिमुद्रित शास्त्र ऐकावे आणि त्यात कमीपणा मानू नये. मार्काचे संपूर्ण शुभवर्तमान दीड तासाच्या आसपास ऐकून होते. भाष्यग्रंथ व अभ्यासपुस्तिका मीही वापरतो, परंतु उतारा स्वतः दोन-तीनदा वाचून त्यावरचा आपला एक प्रश्न वहीत लिहिल्यानंतर. आधी दुसऱ्याचे उत्तर वाचले की आपला प्रश्न जन्मालाच येत नाही.

आचरणाविषयी थोडक्यात सांगतो, कारण याकोबाने ते पुरेसे सांगितले आहे: वचनाप्रमाणे चालणारे व्हा, केवळ ऐकणारे नको. क्षमेवरचा उतारा चार दिवस वाचूनही बोलेनासा झाला असेल, तर पाचव्या दिवशी तो पुन्हा वाचण्याआधी ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला एक फोन करावा.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे: उत्पत्तीपासून पुन्हा आरंभ करू नका. जेथे थांबलात तेथून पुढे चला. लेवीयचे पहिले सात अध्याय दोन बैठकींत सलग वाचा, प्रत्येक तपशील लक्षात राहिला पाहिजे असा हट्ट धरू नका. त्वचारोगांचे 13 व 14 हे अध्याय वाचताना मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभूने शुद्ध केलेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे का पाठवले, एवढा प्रश्न सोबत ठेवा. मंडळीतल्या एक-दोन जणांना बरोबर घ्या आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी तासभर बसा. कोणी आठवडाभर काहीच वाचले नसेल तरी त्याने यावे, असे आधीच ठरवून टाका. न वाचल्याची लाज वाटून लोक येईनासे होतात आणि गट तेथेच मोडतो. पहिल्या भेटीला लेवीयचा 16 वा अध्याय, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, घ्या आणि त्याच्या शेजारी इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय उघडा. महायाजक वर्षातून एकदा, रक्त घेऊन, पडद्याच्या आत जातो असे पहिल्यात वाचाल. ख्रिस्त स्वतःचे रक्त घेऊन एकदाच परमपवित्रस्थानात गेला असे दुसऱ्यात वाचाल. एक तास पुरणार नाही. राहिलेला भाग पुढच्या भेटीला घ्या.